कचेरी, वर्ग आणि डोंगर यांसाठी एकच सॅक : फोंड्याहून ठेवलेल्या सहा महिन्यांच्या नोंदी

१२ मे २०२४, रविवार

आज कपाटातील तिन्ही पिशव्या बाहेर काढल्या. कचेरीची लॅपटॉप बॅग, संध्याकाळच्या वर्गाची कापडी पिशवी आणि भटकंतीची पंचेचाळीस लिटरची सॅक अशा तीन पिशव्या मी चार वर्षे वापरत आले आहे. सकाळी फोंड्याहून बसने पणजीला कचेरीत जायचे, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तेथूनच परस्पर वर्गाला जायचे आणि जमेल त्या रविवारी मैत्रिणींबरोबर डोंगर गाठायचा, असा माझा आठवडा असतो. या पिशवीतून त्या पिशवीत सामान हलवताना दर आठवड्याला काही ना काही राहून जाते. गेल्या महिन्यात परीक्षेचे प्रवेशपत्र कापडी पिशवीत राहिले आणि ते पोहोचवण्यासाठी भावाला कामधंदा सोडून पणजीपर्यंत यावे लागले. तिन्ही कामांना पुरेल अशी एकच सॅक घ्यायची, असे त्या दिवशी ठरवले. यासाठी ३,५०० रुपये बाजूला ठेवले आहेत.

लॅपटॉपच्या बॅगेचे अस्तर आतून कोंड्यासारखे सुटत आहे आणि हाताला चिकट लागते. कापडाला आतून जो पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो, तो दमट उष्णतेत हळूहळू विघटित होतो, आणि ही बॅग मी प्रत्येक पावसाळ्यात अर्धवट ओली असतानाच कपाटात ठेवत आले. तेव्हा दोष केवळ बॅगेचा नाही. भटकंतीची सॅक मात्र अजून धडधाकट आहे, पण बसच्या गर्दीत ती पाठीवर घेऊन उभे राहणे इतरांना त्रासाचे होते, आणि तिच्यात लॅपटॉपसाठी कप्पा नाही.

१५ मे, बुधवार

दुकानांची पायरी चढण्याआधी ओझे तोलून घ्यावे म्हणून आज रात्री परतल्यावर कचेरीच्या आणि वर्गाच्या सामानातील एकेक वस्तू स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवली. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर मिळून २ किलो भरले. वर्गाची दोन पुस्तके आणि वही १.७५ किलो, कचेरीची फाइल ६०० ग्रॅम, भरलेला स्टीलचा डबा ९५० ग्रॅम, पाण्याने भरलेली एक लिटरची स्टीलची बाटली १.३६ किलो, छत्री ३४० ग्रॅम, आणि पाकीट, किल्ल्या, पॉवरबँक वगैरे किरकोळ सामान ५५० ग्रॅम. एकूण ७.५५ किलो. त्यात जुन्या बॅगेचे ८५० ग्रॅम मिळवले की ८.४ किलो होतात.

त्यानंतर पावसाळ्यातील एका दिवसाच्या भटकंतीचे सामान तोलले. दोन लिटर पाणी बाटल्यांसह २.१ किलो, खाणे ७०० ग्रॅम, रेनकोट ४२० ग्रॅम, कोरडे कपडे ६५० ग्रॅम, औषधांची पिशवी ३०० ग्रॅम, विजेरी १२० ग्रॅम, जळवांसाठी मीठ १०० ग्रॅम, फोन आणि किरकोळ ३५० ग्रॅम. एकूण ४.७४ किलो, आणि तेही पाणी संपत जाते तसे हलके होणारे.

हा आकडा मी दोनदा तपासला, कारण इतकी वर्षे मी उलटेच धरून चालले होते. डोंगराचे ओझे जड आणि कचेरीचे हलके, या समजुतीपायी डोंगरासाठी चांगल्या पट्ट्यांची सॅक घेतली आणि रोजच्यासाठी दोन बारीक पट्ट्यांची बॅग. खरे ओझे बुधवारचे आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असे म्हटले आहे. आठवीतील पुतणीच्या दप्तरावरून आम्ही घरात तक्रार करत असतो, आणि माझे वजन ५४ किलो असताना मी पाठीवर साडेपंधरा टक्के घेऊन बसमध्ये तासभर उभी राहते. मोठ्या माणसाला तो नियम लागू नाही हे खरे, तरी खांदे का भरून येतात याचे उत्तर मला आज मिळाले.

सामान किती जागा घेते हे पाहण्यासाठी ४० बाय ३० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ते नीट रचले. बुधवारचे सामान १८ सेंटिमीटर उंचीपर्यंत आले, म्हणजे साधारण साडेएकवीस लिटर. डोंगराचे १५ सेंटिमीटर, म्हणजे १८ लिटर. तेव्हा पंचवीस लिटरच्या आसपासची सॅक पुरेल. पस्तिसाची गरज नाही.

१९ मे, रविवार

सॅक पाठीच्या मापाची हवी, म्हणून वहिनीकडून पाठ मोजून घेतली. मान खाली वाकवली की मानेच्या तळाशी जे हाड टोचून वर येते, तेथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत, पाठीच्या वळणाला धरून टेप लावायचा. पहिल्या मोजणीत ४७ सेंटिमीटर आले, कारण टेप कमरेच्या हाडापर्यंत न लावता सलवारीच्या नाडीपर्यंत लावला गेला होता. कमरेवर दोन्ही हात ठेवून, अंगठे मागे घेऊन, दोन अंगठ्यांच्या मधला बिंदू धरला तेव्हा ४३ आले, आणि पुढच्या दोन्ही वेळा तेच आले. ज्यांना हे एकट्याने करायचे असेल त्यांनी करू नये; घरातील कोणाची तरी मदत घ्यावी.

२५ मे, शनिवार

उकड्या तांदळाच्या अडीच अडीच किलोच्या तीन पिशव्या आणि लॅपटॉप घेऊन पणजीतील दोन आणि मडगावातील एक अशी तीन दुकाने पालथी घातली. सॅक रिकामी असताना सगळ्याच चांगल्या वाटतात, म्हणून हा खटाटोप. एका दुकानात तांदूळ आत घालू दिले नाहीत. मडगावच्या दुकानदारांनी मात्र स्वतः स्टूल पुढे केले आणि मी दहा मिनिटे सॅक घालून दुकानात फिरत राहिले तरी कपाळावर आठी आणली नाही.

पाहिलेल्या नऊपैकी सहा सॅकांमध्ये लॅपटॉपच्या कप्प्याचा तळ आणि सॅकचा तळ एकच होता. सॅक जमिनीवर टेकवली की लॅपटॉपचा कोपरा थेट फरशीवर आपटतो. हे ओळखण्यासाठी बाहेरून तळाला हात लावून आत लॅपटॉप सोडावा. हाताला टणक कड लागली तर तो कप्पा निरुपयोगी समजावा. उरलेल्या तिघींमध्ये कप्पा तळापासून दोनतीन बोटे वर शिवलेला होता.

पाठीपासून दूर ताणलेली जाळी असलेल्या एका सॅकने मला फार मोहात पाडले, कारण गोव्याच्या घामाला तिच्यासारखा उपाय नाही. पण जाळी ताणण्यासाठी आतली चौकट कमानीसारखी वाकलेली असते, त्यामुळे लॅपटॉप सपाट बसत नाही आणि ओझे पाठीपासून लांब जाऊन मागे ओढते. केवळ डोंगरासाठी घ्यायची असती तर तीच घेतली असती.

बाटलीच्या कप्प्यांची खोली मी आजवर कधी पाहिलीच नव्हती. उथळ कप्प्यातील बाटली बस वळणावर कलली की निसटते, हे अनेकदा अनुभवले आहे. बाटलीची निम्म्याहून अधिक उंची कप्प्यात गेली पाहिजे.

मडगावची एक सॅक सर्व बाबतींत पटली, पण किंमत ३,४९० रुपये सांगितली. पैसे वाचतील या विचाराने मी ती तेथेच ठेवली आणि घरी आल्यावर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या सॅकची ऑनलाइन मागणी २,१९९ रुपयांना नोंदवली.

३० मे, गुरुवार

ऑनलाइन सॅक काल आली. तिच्यावर ३५ लिटर असे लिहिले आहे. मोजण्यासाठी बाजारातून तीन किलो चुरमुरे आणले, १८० रुपये पडले. सॅकच्या आत जुनी ओढणी पसरून एक लिटरच्या मापाने चुरमुरे भरत गेले. सगळे कप्पे धरून २७ मापे मावली. पंचवीस लिटर हवेच होते, तेव्हा कमी भरल्याचे मला दुःख नाही. दुःख याचे आहे की छायाचित्रात दिसणारा कमरपट्टा म्हणजे दोन बोटे रुंदीची नुसती पट्टी निघाली, आणि लॅपटॉपचा कप्पा तळाला टेकलेला निघाला. पाठीची उंची ४९ सेंटिमीटर. पट्टा बांधला तर तो कमरेच्या हाडांवर न येता थेट मांड्यांच्या वर येतो. खांद्याचा पट्टा जेथे सॅकला जोडला आहे तेथे टिपेची एकच सरळ ओळ आहे. ओझे पेलणाऱ्या जागी चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण हवी.

परत पाठवण्याची विनंती नोंदवली.

८ जून, शनिवार

सॅक नेण्यासाठी माणूस दोनदा आलाच नाही, तिसऱ्यांदा आला. पैसे आज जमा झाले. त्यातून १५० रुपये कापले गेले. दहा दिवस गेले आणि तेवढ्यात पावसाला सुरुवात झाली. मडगावला जाऊन पहिल्या दिवशी पटलेली तीच सॅक घेतली. दुकानदारांनी मला ओळखले आणि २०० रुपये कमी करून ३,२९० रुपयांना दिली.

तिची माहिती लिहून ठेवते : सांगितलेली क्षमता २८ लिटर, वजन ९६० ग्रॅम, पाठीची उंची माझ्या टेपने ४४ सेंटिमीटर, पाठीला फोमच्या दोन उभ्या गाद्या आणि मध्ये हवेसाठी खाच, आत प्लॅस्टिकचा पातळ ताठ पत्रा, काढता घालता येणारा गादीचा कमरपट्टा, वर खाली सरकणारा छातीचा पट्टा, तळापासून वर शिवलेला लॅपटॉपचा कप्पा, तळाच्या खिशात रेनकव्हर. अस्तर फिकट राखाडी आहे. काळ्या अस्तरात किल्ली शोधणे म्हणजे अंधारात चाचपडणे असते, म्हणून हेही मी पाहिले होते.

९ जून, रविवार

चुरमुऱ्यांनी मोजली, साडेपंचवीस लिटर भरली. घाईत ओढणी पसरली नाही. चुरा चेनीच्या दातांत आणि तळाच्या शिवणीत अडकला आणि संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागली. सॅक उलटी करून, जुन्या दात घासायच्या ब्रशने शिवणी झाडून काढण्यात दोन तास गेले.

१६ जून, रविवार

साडेसात किलो भरून फोंड्याहून फर्मागुढीचा चढ चढले आणि उतरले. पहिल्या पंधरा मिनिटांत उजवा खांदा दुखू लागला. सॅकचा दोष असेल असे वाटून मन खट्टू झाले. पण गोपाळ गणपतीच्या देवळाजवळ थांबून सगळे पट्टे सैल केले आणि पुन्हा पहिल्यापासून बांधले. आधी कमरपट्टा, कमरेच्या हाडांवर, पोटावर नव्हे. मग खांद्याचे पट्टे, सॅक पाठीला लागेल इतपतच. शेवटी छातीचा पट्टा, आणि तोही गळ्याजवळ नव्हे तर काखेच्या रेषेत. मी आयुष्यभर खांद्याचे पट्टे आधी आवळत आले होते, आणि तसे केले की कमरपट्टा वर खेचला जाऊन त्याचा काही उपयोग राहत नाही.

दुसरी चूक सामान रचण्याची होती. पुस्तके मी बाहेरच्या कप्प्यात घातली होती. ती लॅपटॉपला लागून, पाठीजवळ घेतल्यावर मागे ओढ लागणे थांबले. उजव्या खांद्याचे दुखणे मात्र बाटलीमुळे होते : एका बाजूला १.३६ किलो आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. छत्री आणि डबा डावीकडे घेतल्यावर बरे वाटले. चढून उतरायला मला एक तास वीस मिनिटे लागली आणि खांद्यांवर वळ उठले नाहीत.

२६ जून, बुधवार

आजची नोंद लिहिताना हात जड झाला आहे. वर्ग सुटला तेव्हा पाऊस कोसळत होता. सॅकला रेनकव्हर घातले, अंगावर रेनकोट होता, बसथांब्यापर्यंत वीस मिनिटे चालले आणि तेथे आणखी पंचवीस मिनिटे उभी राहिले. घरी येऊन रेनकव्हर काढू लागले तर त्याच्या तळाशी फुगा आला होता. तो वाकवला तेव्हा पडवीत पाणी सांडले. नंतर मोजून पाहिले तर दोन पेल्यांहून थोडे अधिक. सॅकचा तळ त्या पाण्यात निदान अर्धा तास बुडालेला होता. लॅपटॉपचा कप्पा वर शिवलेला असल्याने लॅपटॉप वाचला. वही वाचली नाही. तिची खालची चार बोटे भिजून शाई पसरली, आणि पाने एकमेकांना अशी चिकटली होती की ती सोडवताना तीन फाटली.

पाणी आले कोठून, हे शोधणे भाग होते. रेनकव्हर सॅकच्या पुढच्या भागावर बसते. पाठीकडची बाजू उघडीच असते. रेनकोटवरून ओघळलेले पाणी मानेखालून सॅकच्या पाठीवर येते, फोम ते पिऊन घेतो, आणि मग ते झिरपत तळाशी जाते. तेथे रेनकव्हर त्याला अडवून धरते. म्हणजे ज्याने पाणी बाहेर ठेवायचे त्याचीच झोळी झाली होती. पावसाचे महिने मिळून सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या प्रदेशात केवळ रेनकव्हरवर विसंबणे ही माझी चूक होती, आणि ती सहा तासांना पडली, कारण मैत्रिणीची वही आणून टिपणे पुन्हा उतरवावी लागली.

३० जून, रविवार

सॅक कोरडी ठेवण्याचा नाद सोडला. आता आतले सामान कोरडे ठेवायचे. प्रथम घरातील कचऱ्याच्या जाड काळ्या पिशव्या वापरून पाहिल्या. बादलीच्या कसोटीत, म्हणजे आत वर्तमानपत्र घालून, तोंड पिळून, पाच मिनिटे पाण्यात दाबून धरली असता, पहिली टिकली. पण डब्याच्या कडीने दुसरीला भोक पडले. शेवटी तोंड गुंडाळून बक्कल लावण्याची वीस लिटरची जलरोधक पिशवी ५५० रुपयांना घेतली. तोंड दोनदा गुंडाळले तेव्हा वर्तमानपत्राची कड ओली झाली; तीनदा गुंडाळून बक्कल लावल्यावर कोरडे राहिले. तीन घड्यांपेक्षा कमी करू नये.

यातही एक अडचण आहे. सगळेच त्या पिशवीत घातले तर बसमध्ये पाकीट काढण्यासाठी दर वेळी घड्या सोडाव्या लागतात. म्हणून वही, पुस्तके, फाइल आणि लॅपटॉप एवढेच आत ठेवते. लॅपटॉप त्यामुळे त्याच्या कप्प्यात जात नाही, तर पिशवीसकट पाठीच्या बाजूला उभा राहतो; तळाशी टॉवेलची जाड घडी ठेवली आहे. डबा, छत्री आणि बाटली भिजली तरी बिघडत नाही. पाकिटासाठी चेनची छोटी प्लॅस्टिक पिशवी पुरते.

फोंडा बाजारात बॅगा आणि चपला दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर बसतात. त्यांच्याकडून रेनकव्हरच्या सर्वांत खालच्या जागी पितळी रिंग ठोकून घेतली, २० रुपयांत. आता साचलेले पाणी तेथून गळून जाते.

१४ जुलै, रविवार

पावसाळ्यात अभयारण्यांतील धबधब्यांकडे जाण्यावर निर्बंध येतात, म्हणून पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर गेलो. वर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ आहे. पाऊस अखंड होता. या सॅकला ४.७४ किलो म्हणजे काहीच नाही; कमरपट्टा बांधल्यावर पायऱ्या चढताना ती हलतही नव्हती. कोरडे कपडे कोरडेच निघाले, आणि देवळाच्या आडोशाला ते बदलून घेतलेला गरम चहा मला या साऱ्या खटपटीचे फळ वाटला.

घरी आल्यावर रिकामी सॅक काट्याला लटकवली : सकाळी ९६० ग्रॅम, आता १,३३० ग्रॅम. फोमच्या गाद्यांनी ३७० ग्रॅम पाणी धरून ठेवले होते. सोमवारी तीच सॅक कचेरीत न्यायची असल्याने ती एका रात्रीत वाळणे आवश्यक होते, आणि ती वाळली नाही.

१८ जुलै, गुरुवार

ओली सॅक सोमवारी तशीच नेली, मंगळवारी कुबट वास आला आणि आज पाठीच्या जाळीवर पांढुरक्या बुरशीचे ठिपके दिसले. येथे मी आणखी एक चूक केली. लवकर वाळावी म्हणून केस वाळवण्याचे यंत्र आतून अस्तरावर धरले. तळहाताएवढ्या जागेत अस्तराचा थर फुगून सुरकुतला आणि आता तो नखाने सुटतो. ती जागा परत पूर्ववत होणार नाही. आत जलरोधक पिशवी असल्याने काम अडत नाही, पण नवी सॅक माझ्या उतावीळपणाने पाच आठवड्यांत डागाळली याचे फार वाईट वाटले.

बुरशी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने काढली. त्यानंतर जी रीत ठरवली ती अशी : आतला प्लॅस्टिकचा पत्रा काढायचा, सगळ्या चेनी पूर्ण उघडायच्या, फोमच्या गाद्या कोरड्या टॉवेलात दाबून पाणी टिपून घ्यायचे, आणि सॅक पंख्याखाली उलटी टांगायची, पाठ पंख्याकडे करून. टॉवेलाने दाबल्याशिवाय वाळायला एकतीस तास लागले होते. दाबल्यावर चौदा तासांत वाळली. म्हणजे रविवारी संध्याकाळी सहाला टांगली तर सोमवारी सकाळी बसच्या वेळेपर्यंत जेमतेम होते. त्यामुळे पावसाळी भटकंतीला आता शक्यतो शनिवारी जातो.

२० ऑगस्ट, मंगळवार

उजव्या पट्ट्याच्या वरच्या टोकाची शिवण चार टाके उसवली. बसमध्ये उभी राहताना मी सॅक पुढे छातीशी धरते किंवा वरच्या फळीवर ठेवते, आणि फळीवर चढवताना दर वेळी एकच पट्टा धरून हिसका देते. बाजारातील त्या कारागिरांनी शिवण पाहताच विचारले की सॅक कशी उचलते. मी दाखवले. "बाय, वरची मूठ कशाला दिली आहे? नेहमी तिला धरून उचलायची, खांद्याचा पट्टा ओढायचा नव्हे," असे सांगून त्यांनी जुने टाके कापले, पट्टा अर्धा इंच आत सरकवला आणि नायलॉनच्या जाड दोऱ्याने चौकोन व फुली घालून दिली. दुसरा पट्टा शाबूत होता, तरी त्यालाही तशीच शिवण घातली. दोन्हींचे ८० रुपये. सुती दोरा पावसात कुजतो, म्हणून दोरा कोणता वापरणार हे आधी विचारून घ्यावे, असेही त्यांनीच सुचवले.

गर्दीत मोकळा सुटलेला कमरपट्टा सीटच्या दांड्यांत अडकतो, हेही नोंदवून ठेवते. बसमध्ये चढण्याआधी तो पुढून मागे वळवून सॅकभोवती उलटा बांधते. काढून घरी ठेवण्याचा प्रयोग एक आठवडा केला, पण बसथांब्यापासून कचेरीपर्यंतच्या चालण्यात त्याची उणीव लगेच जाणवली.

१४ सप्टेंबर, शनिवार

चवथीचे आठ दिवस सॅक वापरली नाही. कपाटात न ठेवता दाराआड खुंटीला उघडी टांगली होती. वास नाही, बुरशी नाही. रोजचे ओझेही या काळात विचार करून कमी केले : चार्जर कचेरीच्या कपाटातच राहतो, ज्या दिवशी जो विषय त्याचेच पुस्तक नेते, आणि एक लिटरऐवजी पाऊण लिटरची हलकी बाटली घेतली. आता सामान ५.९ किलो भरते.

२० ऑक्टोबर, रविवार

नेत्रावळी अभयारण्यातील सावरीच्या धबधब्यावर जाऊन आलो. ऑक्टोबरच्या उकाड्यात फोमच्या पाठीची मर्यादा स्पष्ट झाली. मधली खाच हवा खेळती ठेवण्यासाठी आहे, पण सॅक पाठीला घट्ट बांधली की ती नावापुरती उरते, आणि माझा सदरा पाठीवर पिळून काढावा इतका भिजला. ताणलेल्या जाळीच्या सॅकची आठवण येथे झाली. तरीही बुधवारच्या लॅपटॉपसाठी मी हीच पाठ पुन्हा निवडेन. वाटेत ओढा ओलांडताना मैत्रिणीचा पाय घसरला तेव्हा मी सॅक झटकन खडकावर टाकली. तळाच्या कापडावर ओरखडा आला, भोक पडले नाही.

परत येताना मुख्य चेनीचा रनर मागे दात उघडे सोडू लागला. चेन कॉइलची, म्हणजे प्लॅस्टिकच्या वेटोळ्याची आहे, दात शाबूत आहेत. झिजला आहे तो रनर. घामाचे क्षार आणि चिखल त्यात बसल्याने झीज लवकर झाली असावी, कारण मी ती चेन एकदाही धुतली नव्हती.

२७ ऑक्टोबर, रविवार

कोमट पाण्याने आणि ब्रशने चेन धुतली, वाळवली आणि पकडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा किंचित दाबल्या, एका वेळी एक कड, अगदी हलकेच. जास्त दाबले तर रनर फुटतो. चेन पुन्हा मिटते आहे, मात्र वळणाच्या कोपऱ्यात अजून एकदोन दात सुटतात.

खर्च मांडला : सॅक ३,२९० रुपये, ऑनलाइन सॅकवर कापले गेलेले १५० रुपये, चुरमुरे १८० रुपये, जलरोधक पिशवी ५५० रुपये, रिंग २० रुपये, शिवण ८० रुपये. एकूण ४,२७० रुपये. ठरवलेल्या रकमेपेक्षा ७७० अधिक. त्यात मडगावच्या दोन फेऱ्यांचे बसभाडे धरलेले नाही. पहिल्याच दिवशी सॅक मडगावला घेतली असती तर सॅकचे २०० रुपये वाचले नसते, पण दोन आठवडे वाचले असते.

नवा रनर ३० रुपयांना मिळेल, असे कारागिरांनी सांगितले आहे. चेनीवर पाचचा आकडा आहे, त्याच मापाचा हवा. मंगळवारी वर्ग नसतो, तेव्हा सॅक रिकामी करून त्यांच्याकडे द्यायची आहे. बुधवारी सकाळच्या बसपूर्वी ती परत हवी.